तिकीटताईंची पाठ

मास्तरांच्या डाव्या मांडीवर एक वाघ आहे. निदान मास्तर त्याला वाघ म्हणतात. बावीस वर्षांपूर्वी टॅटूचं मशीन नवीन घेतलं तेव्हा दुसरं कुणी आपली कातडी हवाली करायला तयार नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःच्याच मांडीवर हात बसवला. वाघाशेजारी एक जहाज आहे. ते बुडतंय असं वाटतं, पण तसा काही इरादा नव्हता. गुडघ्याच्या जरा वर गुलाब आहे, त्याला बायको कोबी म्हणते. कितीही उकडत असलं तरी मास्तर फुल पँट घालूनच वावरतात, त्याचं कारण हे.

आता ज्याच्या मांडीवर असा बाजार भरलाय, त्या माणसानं चारचौघांत जरा बेतानं बोलावं की नाही? पण नाव नको. “मी टॅटू काढत नाही, मी माणसाच्या अंगावर त्याचं आयुष्य उतरवतो,” असं मास्तर डोळे अर्धे मिटून सांगायचे. समोरचा बिचारा मनगटावर विंचू काढून मिळेल का, एवढंच विचारायला आलेला असायचा. आणि ही काही कुणी केलेली निंदा नव्हे बरं का. हे सगळं मास्तर हल्ली स्वतःच सांगतात, वर तिखटमीठ लावून सांगतात.

‘मास्तर’ हे नावसुद्धा खरं त्यांचं नाही. दुकान एकच, मधोमध पडदा. रस्त्याच्या बाजूला बायकोचं शिवणकामाचं, म्हणजे कमी-जास्त करण्याचं, चेन बदलण्याचं, कंबर सैल करण्याचं दुकान. आतल्या बाजूला यांची लांब खुर्ची, दिवा आणि शाईच्या बाटल्या. दारात कुणी “मास्तर!” म्हणून हाक मारली की हे पडद्यातून मान बाहेर काढायचे, आणि हाक मारणाऱ्याला पँट दोन इंच आखूड करून हवी असायची. हाका बायकोला, नाव यांना चिकटलं.

मोठं काम आलं, म्हणजे अख्खी पाठ किंवा अख्खा हात, की मास्तरांची ‘प्रक्रिया’ सुरू व्हायची. हा शब्द ते असा उच्चारायचे की ऐकणाऱ्याला चपला काढाव्याशा वाटाव्यात. पहिला आठवडा चिंतनाचा. चिंतन गिऱ्हाइकाच्या लांब खुर्चीवर आडवं पडून, पंखा चारवर ठेवून करायचं असतं. मधेच घोरल्याचा आवाज आला तर ते खोल गेलं असं समजायचं. दुसऱ्या आठवड्यात शाईच्या बाटल्या पुसून रंगानुसार लावायच्या, मग तो क्रम पटला नाही म्हणून परत लावायच्या. तिसऱ्या आठवड्यात पडद्यापलीकडून आवाज यायचा, “अहो कलामहर्षी, एखादी रेघ वगैरे?” बायको एरवी त्यांना अरेतुरे करायची. ‘अहो’ आलं की समजायचं, पाणी डोक्यावरून गेलंय. मग मास्तर तणतणत कागद अंथरायचे, आणि खरं सांगायचं तर जे काही काम व्हायचं ते त्या तणतणीतच व्हायचं.

हात मात्र चांगला होता, तेवढं कबूल करायला हवं. पाठीच्या मापाचा पातळ ट्रेसिंग पेपर घ्यायचा, त्याला मधोमध उभी घडी घालायची, अर्ध्यावर चित्र काढायचं आणि घडीवरून ते दुसऱ्या अर्ध्यावर उतरवायचं. कागद उलगडला की दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. लोक तोंडात बोट घालायचे. बायको घालायची नाही. “मीसुद्धा कापड घडीवरच कापते,” ती म्हणायची, “पण मग ते माणसाच्या अंगावर घालून बघते, टाचण्या लावते. कापड घडीवर कापलेलं असतं, माणूस नसतो.”

“तुझं काम दुरुस्तीचं,” मास्तर मोठ्या मनानं समजावायचे. “माझं निर्मितीचं. फरक आहे.”

बायको सुईत दोरा ओवायची.

तिकीटताई पहिल्यांदा आल्या त्या बायकोकडे. सार्वजनिक पोहण्याच्या तलावाच्या तिकीट खिडकीत त्या सव्वीस वर्षं बसत होत्या, म्हणून सगळे त्यांना तिकीटताईच म्हणायचे. वय बावन्न, अंगात ढगळ सदरा, वर बारा महिने शाल. हिवाळ्याची सुरुवात होती आणि तलाव दुरुस्तीसाठी बंद होता. पिशवीतून त्यांनी चोरीचा माल काढावा तसा एक पोहण्याचा पोशाख काढला. नवा कोरा, गडद निळा.

“हा अंगावर सरळ बसत नाही,” त्या म्हणाल्या. “आणि पाठ पूर्ण झाकली जाईल असं काही करता आलं तर बघा.”

सरळ बसणार कसा? पोशाख घालून त्यांनी शाल काढल्यावर बायकोला दिसलं. कणा मानेखाली उजवीकडे वळला होता, कमरेपाशी परत डावीकडे आला होता. उजव्या खांद्यामागचं हाड वर उचललेलं. बायकोनं एक पट्टा तीन बोटं आखूड धरून टाचणी लावली, पोशाख गपकन जागेवर बसला आणि ताईंची जीभ सुटली. बारा वर्षांच्या असताना त्या शाळेत पोहण्यात पहिल्या यायच्या. मग कणा वळायला लागला. आई जाता-येता पाठीत बोटांची पेरं रुतवायची, ताठ राहा, ताठ राहा. तलावावर मुली हसल्या, त्या दिवसापासून पाण्यात पाय नाही.

“आणि नोकरी लागली कुठे, तर तलावावरच!” त्या हसल्या. “सव्वीस वर्षं पाठीमागे पाण्याचा आवाज ऐकत लोकांना तिकिटं फाडून देतेय. यंदा ठरवलं. उन्हाळ्यात तलाव उघडेल त्या दिवशी उतरायचं. सगळ्यांना सांगूनही बसलेय, आता माघार नाही.”

बोलता बोलता त्यांची नजर पडद्याच्या फटीतून आत गेली. भिंतीवर मास्तरांच्या कामांचे फोटो होते. त्यांनी आवाज खाली आणला. “हे पाठीवरचं करतात का हो?”

बायकोच्या तोंडात टाचण्या होत्या, ती नुसतीच बघत राहिली.

“लोक बघणारच आहेत ना,” ताई म्हणाल्या. “मग मी दाखवते ते बघू देत.”

अशा त्या पडद्याच्या आत आल्या. मास्तरांनी वही उघडली. काय हवं? ताई म्हणाल्या, वेल. त्यांच्या खिडकीशेजारच्या जाळीवर पांढऱ्या फुलांची एक वेल होती, रोज बघून बघून जीव जडला होता, तशी. मास्तरांनी वहीत लिहिलं, ‘वेल’. मग ताई गेल्या आणि प्रक्रिया सुरू झाली.

तीन आठवड्यांच्या चिंतनानंतर वहीतल्या ‘वेल’वर काट बसली होती आणि खाली लिहिलं होतं, ‘वृक्ष!! महावृक्ष!!’ कंबरेवर मुळं, पाठभर खोड, दोन्ही खांद्यांवर फांद्यांचा पसारा, डावीकडे जेवढी पानं तेवढीच उजवीकडे, मोजून. ताईंनी कागद बघितला. “वेल...” त्या म्हणाल्या. “वेलीला स्वतःचा कणा नसतो, ताई,” मास्तर म्हणाले. “तुम्हाला मी कणा देतोय.” हे वाक्य आठवलं की मास्तर आजही स्वतःच्या कानाखाली हलकेच एक वाजवून घेतात. पण तेव्हा ताईंना वाटलं, एवढा नावाजलेला माणूस, त्याला जास्त कळत असणार. त्या हो म्हणाल्या.

चित्र कातडीवर चढवायच्या आधी त्याचा जांभळा ठसा उमटवतात. ठसा बसला की त्यावरून सुई फिरवायची. ठसा पुसता येतो, सुई नाही. सगळा खेळ त्या एका मिनिटाचा असतो, आणि नेमकं तेव्हाच मास्तर म्हणाले, “हं ताई, ताठ उभ्या राहा बघू. श्वास रोखा.”

ताई ताठ उभ्या राहिल्या. ज्या बाईला चाळीस वर्षं हेच ऐकावं लागलं, ती कशी उभी राहील? अशी उभी राहिली की तिच्यावरून भिंतीला ओळंबा लावावा. खांदे मागे, पोट आत, दात दातांवर. ठसा सुरेख बसला. मग त्या पालथ्या झोपल्या आणि मास्तरांनी तीन तास खपून खोडाची मुख्य रेघ मारली, मानेपासून कमरेपर्यंत, एका दमात मारल्यासारखी. अशी रेघ बावीस वर्षांत मारली नव्हती. ते मशीन ठेवून दोन पावलं मागे सरकून स्वतःवर खूष होत उभे राहिले.

ताई उठल्या, सैलावल्या आणि चपला घालायला वाकल्या.

पाठ आपल्या जागी गेली. रेघ मात्र ताठ पाठीवर मारलेली होती. ती भलत्याच दिशेनं तिरकी गेली. एका बाजूला कणा, दुसऱ्या बाजूला रेघ, दोघांचं भांडण झाल्यासारखं. रेघेमुळे वळण होतं त्याच्या दुप्पट दिसायला लागलं. मास्तरांना ते लगेच दिसलं. आता दुसरा कुणी असता तर तिथल्या तिथे बोलला असता.

“जरा सूज आहे,” मास्तर म्हणाले. “उतरली की बसेल जागेवर.”

ताईंनी दोन आरशांत बघितलं. खूप वेळ बघितलं. मग हळूच खांदे मागे घेतले, पोट आत ओढलं, आणि आरशात रेघ कण्यावर येऊन बसली. “छान आहे,” त्या म्हणाल्या.

पुढचे तीन आठवडे कातडी भरून यायची वाट बघायची असते. त्या तीन आठवड्यांत मास्तरांनी दिव्याला दोष दिला, कागदाला दिला, शाईच्या कंपनीला दिला. एकदा तर ताईंनाच दिला, म्हणजे मनातल्या मनात, पण दिला. बायकोला काही सांगितलं नाही. बाटल्या पुसल्या.

ताई ठरल्या दिवशी आल्या. आधी पोशाख घालून बघायला बायकोकडे, मग दुसऱ्या बैठकीसाठी आत, असं ठरलं होतं. मास्तर पडद्याआड कान लावून बसले होते. बायकोचा आवाज आला, “असं कसं? तीन बोटं आखूड केलेला पट्टा आता काचतोय. ताई, तुम्ही उभ्या कशा राहताय?”

“ताठ,” ताई म्हणाल्या. “ताठ राहिलं की रेघ बरोबर बसते ना. म्हणून सवय करतेय. बसले तरी, चालले तरी. झोपताना तेवढं जमत नाही.”

टाचण्यांची डबी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पडदा बाजूला झाला.

“अहो,” बायको म्हणाली.

मास्तरांना कळलं, भरलं आपलं.

“त्यांना आयुष्यभर जे करायला लावलं, त्यातून सुटायला त्या आपल्या दारात आल्या. आणि आता तुमच्या रेघेसाठी त्या ताठ उभ्या राहतायत. श्वास कोंडून. बघा जरा बाहेर येऊन.”

मास्तर बाहेर आले. ताई निळ्या पोशाखात उभ्या होत्या, काठी गिळल्यासारख्या, कपाळावर घामाचे थेंब. मास्तरांनी तोंड उघडलं. चुकलो, एवढं तीन अक्षरी म्हणायचं होतं. “अजून थोडी सूज...” ते म्हणाले.

ताईंनी खांदे सोडले. एकदम पोतं खाली ठेवावं तसे. “तीन आठवडे मी नीट श्वास घेतला नाही, मास्तर,” त्या म्हणाल्या. “आई निदान खरं बोलायची.” त्यांनी कपडे बदलले, शाल घट्ट लपेटली आणि पोशाख बायकोच्या टेबलावर ठेवला. “हा कुणाला लागत असेल तर देऊन टाका. मी खिडकीतच बरी.”

त्या गेल्या. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोनं एक शब्द काढला नाही, आणि मास्तरांना अनुभवानं माहीत होतं की ‘अहो’च्या पुढची पायरी म्हणजे हीच. निळा पोशाख तिनं खुंटीला टांगला, नेमका पडद्याच्या तोंडाशी, येता-जाता यांच्या नाकाला लागेल असा.

चार दिवस नाकाला लागला. पाचव्या दिवशी मास्तर तलावावर गेले. तलाव बंदच होता, पण उन्हाळ्याचे आगाऊ पास सुरू झाले होते आणि खिडकीपुढे पंधरा-सोळा माणसांची रांग होती. मास्तर गुपचूप शेवटी उभे राहिले.

आणि तिथून त्यांना ताई दिसल्या. कुणी आपल्याला बघतंय हे ज्यांना माहीत नाही, अशा ताई. उंच स्टुलावर उजवीकडे कलून बसलेल्या, डावा हात खणात, उजवा हात काचेखालून बाहेर. मागच्या फळीवरचं पासांचं पुस्तक काढायला वळल्या की शाल घसरायची आणि सदऱ्याखालून पाठीचा सगळा ओघ दिसायचा. मानेखालून निघाला, खांद्याला वळसा घालून खाली उतरला, कमरेशी परत आला. किती सहज बसली होती ती बाई! त्या पाठीचं मास्तरांनी माप घेतलं होतं, फोटो काढले होते, तीन आठवडे चिंतन केलं होतं. फक्त बघितलं नव्हतं.

खिडकीशेजारी जाळीवर ती वेलही होती. माळ्यानं मुळाशी एक सरळसोट काठी ठोकून दिली होती. वेलीनं काठीला दोन वेढे दिले होते, थोडी उंची गाठेपर्यंत तिचा आधार घेतला होता आणि मग तिला सोडून आपल्या वाटेनं जाळीवर पसरली होती.

मास्तरांनी रांगेत मिळालेला पासचा फॉर्म उलटा केला, पुढच्या माणसाच्या पाठीवर धरला आणि पेन्सिल काढली. पुढच्यानं मागे वळून बघितलं. “दोन मिनिटं, हलू नका,” मास्तर म्हणाले. घडी नाही, आरसा नाही, पंखा नाही. रांग सरकेल तसं सरकत वीसेक मिनिटांत चित्र झालं. यांच्या नशिबी प्रक्रिया होती ती अशी, उभ्यानं.

“कुणाचा पास?” खिडकीतून आवाज आला.

“माझा.”

ताईंनी वर बघितलं. बघितल्याबरोबर पाठ खाडकन ताठ झाली.

“पोहता येतं?” ताईंनी कोरड्या आवाजात विचारलं.

“नाही.”

“म्हणजे शिकाऊ. फोटो आणलाय?”

“ताई, सूज नव्हती,” मास्तर म्हणाले. “मी चुकलो. तुम्हाला ताठ उभं केलं आणि त्या पाठीवर रेघ मारली. ती पाठ तुमची नव्हतीच. तुम्ही चपला घालायला वाकलात तेव्हाच मला दिसलं होतं. मी खोटं बोललो. घाबरलो आणि खोटं बोललो.”

“अहो भाऊ, घरगुती भांडणं घरी!” मागून कुणीतरी ओरडलं. “पास काढा नाहीतर बाजूला व्हा!”

“पुसता येते?” ताईंनी विचारलं.

“नाही.”

“मग?”

मास्तरांनी फॉर्म काचेखालून आत सरकवला, उलट्या बाजूनं. ताईंनी तो दोन्ही हातांत धरला. कलत्या पाठीवरून निघालेली वेल, पाठ जाईल तिकडे जाणारी. आणि ती सरळ रेघ होती तिथेच, पण आता काठी झालेली. वेलीनं तिला दोन वेढे दिले होते आणि पुढे सोडून दिली होती. ताईंनी इतका वेळ बघितलं की मागे रांगेत लोक चुळबुळायला लागले.

“ही तर वेल आहे,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“मी पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं.”

“हो.”

“मग एवढे दिवस काय करत होतात?”

माझी एक प्रक्रिया असते, हे वाक्य मास्तरांच्या जिभेवर आलं होतं, अगदी सवयीनं. त्यांनी जीभ चावली. “बाटल्या पुसत होतो,” ते म्हणाले.

ताईंच्या ओठांचा एक कोपरा हलला. “फॉर्म खराब केलात. दुसरा भरा,” असं म्हणत त्यांनी नवा फॉर्म बाहेर ढकलला आणि जुना खणात ठेवला. “आणि पास काढताय तर उतरावंही लागेल. मी एकटी नाही उतरणार. मी पाठ दाखवीन, तुम्ही पाण्यात या.”

मास्तरांना वाघ आठवला. बुडतं जहाज आठवलं. कोबीही आठवला. “येतो,” ते म्हणाले.

दोन दिवसांनी ताई आल्या. या वेळी मास्तरांनी कागद काढलाच नाही. उंच स्टूल ठेवलं, पुढ्यात बायकोचं इस्त्रीचं टेबल लावलं आणि ताईंना म्हणाले, “खिडकीत बसता तशा बसा.” पण माणसाला सहज बसा म्हटलं की तो कधी सहज बसतो का? ताई परत ताठ. तेव्हा बायको टेबलापलीकडे जाऊन उभी राहिली.

“दोन मोठी, एक लहान,” ती म्हणाली.

ताई हसल्या, आणि हसता हसता उजवीकडे कलल्या. हात आपोआप खणाकडे गेला. मास्तरांनी मार्कर टेकवला. दोन तास बायको गिऱ्हाईक झाली होती. कधी सुटे नाहीत म्हणून भांडली, कधी म्हातारीला सवलत मागितली, कधी तिकीट हरवलं म्हणून रडली. मास्तर थेट पाठीवर काढत होते, पुसत होते, परत काढत होते. मधेच बायको मागे येऊन बघून गेली. “उजव्या खांद्यावर फुलं जास्त घे,” ती म्हणाली. “तिथे उंची आहे, तिथे कापड जास्त लागतं.” एरवी मास्तरांनी कलेवर भाषण दिलं असतं. त्यांनी गुमान फुलं वाढवली.

“हे दुरुस्तीचंच काम आहे,” ते पुटपुटले.

“काय म्हणालास?” बायकोनं विचारलं. तिला चांगलं ऐकू आलं होतं. मास्तरांना तिनं ते तीनदा म्हणायला लावलं.

पुढे तीन बैठका झाल्या, प्रत्येकीनंतर तीन आठवड्यांची उसंत, आणि शेवटी महिनाभर पाण्याला शिवायचं नाही. दिवस जेमतेम पुरले. मधल्या काळात बायकोनं खुंटीवरचा निळा पोशाख काढला आणि मागचा भाग कमरेपर्यंत कापून टाकला. कापताना ताईंचा हात धरून विचारलं, “कापू?” ताईंनी डोळे मिटून मान हलवली.

तलाव उघडला त्या सकाळी मास्तर पायऱ्यांवर चड्डीत उभे होते. बायकोनंच शिवून दिली होती आणि मुद्दाम चार बोटं आखूड शिवली होती. ती बाकावर बसून यांच्या मांडीकडे बघत खुदखुदत होती. कपाळावर गॉगल चढवलेले एक आजोबा शेजारी येऊन उभे राहिले, वाकून बघायला लागले.

“मांजर का हो?”

“वाघ आहे,” मास्तर म्हणाले.

“असं होय,” आजोबा म्हणाले. त्यांच्या आवाजात फार सहानुभूती होती.

तेवढ्यात कपडे बदलायच्या खोलीचं दार उघडलं आणि ताई बाहेर आल्या, अंगाभोवती टॉवेल घट्ट धरून. कामावरचे सगळे ओळीनं उभे होते. ताई काठापर्यंत आल्या आणि थांबल्या. खांदे मागे जायला लागले. पोट आत. मास्तरांना इथून दिसत होतं, श्वास कोंडला गेला. आता या टॉवेलसकट परत फिरणार, असं त्यांना वाटलं.

“दोन मोठी, एक लहान!” बाकावरून बायको ओरडली.

ताई फसकन हसल्या. खांदे पडले, टॉवेलही पडला. त्या कठड्याला धरून आपल्या चालीनं, उजवीकडे कलत, एकेक पायरी उतरायला लागल्या. वेल त्यांच्याबरोबर चालत होती. मास्तर मनातल्या मनात मोजत होते, किती जण बघतायत. सगळेच बघत होते. पाणी कमरेपर्यंत आलं तेव्हा त्या थांबल्या.

आजोबांनी गॉगल डोळ्यांवर घेतला, परत वर केला. “काम सुंदर आहे,” ते म्हणाले. आजोबा कानानं जरा जड, त्यामुळे बोलणं मोठ्यानं; अख्ख्या तलावाला ऐकू गेलं. “फुलं बघा कशी! पण ती काठी तिरकी काढलीय हो. एवढ्या छान वेलीला काठी वाकडी. कुणी काढली?”

मास्तरांनी आयुष्यात एकदाही टीका ऐकून घेतली नव्हती. पानाचा रंग जरा गडद झाला म्हणणाऱ्यालाही त्यांनी अर्धा तास सुनावलं होतं.

“मीच,” ते जोरात म्हणाले. “तिरकीच आहे ती. चूक माझी.”

पाण्यात ताई वळल्या. चेहरा ओला होता, पण त्यांनी अजून डोकं बुडवलं नव्हतं.

“काय म्हणाले हो ते?”

“काठी तिरकी आहे म्हणाले.”

“काय तिरकं आहे?”

“काठी, ताई.”

“परत सांगा,” ताई म्हणाल्या.

मास्तर मांडीवरच्या वाघासकट आणखी एक पायरी खाली उतरले. पाणी थंड होतं आणि त्यांना पोहता येत नव्हतं. “काठी तिरकी आहे,” ते म्हणाले, “फक्त काठी.” आणि ताईंनी कठडा सोडला.